हुंकारापुरतं माणूस

श्रावणातल्या शुक्रवारी तृप्तीचं जेवण दुसऱ्या कुणाच्या तरी कानांवर अवलंबून असायचं.

सकाळी जिवतीच्या कागदाची पूजा व्हायची, आघाड्याची माळ चढायची, पुरणाच्या दिव्यांनी आरती व्हायची आणि मग कहाणी. ती पुस्तकातून वाचायची नाही, तोंडानं सांगायची. ऐकणाऱ्यानं चार अक्षता मुठीत धरायच्या, मधूनमधून हुंकार द्यायचा, आणि कहाणी संपली की त्या अक्षता देवीला वाहायच्या. ऐकणारं माणूस जेवलेलं नको. सांगणाऱ्यानंही तोवर घास घ्यायचा नाही. आणि एकदा मुठीत घेतलेल्या अक्षता मधेच खाली ठेवायच्या नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात वत्सलाबाईंनी, तिच्या सासूबाईंनी, हा नेम तिच्या हाती दिला तेव्हा बजावून सांगितलं होतं, "ऐकायला माणूस हवं हं. भिंतीला काय सांगायचं? भिंत हुंकार देते का?"

त्याला सोळा श्रावण झाले. ऐकायला वत्सलाबाईच असायच्या. कहाणी त्यांना पाठ होती, तरी दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं त्या "मग?" म्हणायच्या, आणि ते "मग?" आलं की तृप्तीचा मुळातलाच हळू आवाज जरा मोकळा व्हायचा.

या शुक्रवारी मात्र वत्सलाबाई चांदवडला लेकीकडे होत्या. लेकीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, पंधरा दिवस तरी त्या हलणार नव्हत्या. आणि नेमकं याच शुक्रवारी अकरा वाजता तृप्तीला दिंडोरी रस्त्यावरच्या एका कॉलेजात मुलाखतीला बोलावलं होतं.

"मी ऐकतो की," किशोर म्हणाला. त्याच्या तोंडात पोहे होते.

"तुम्ही खाल्लंत."

"अर्धेच झालेत."

"अहो, खाल्लं म्हणजे खाल्लं."

"नाव तृप्ती आणि बाई कायमची उपाशी," किशोर चमचा हलवत म्हणाला. तो सातपूरला एका कारखान्यात होता आणि हा विनोद त्यानं लग्नाच्या पहिल्या वर्षापासून जपून वापरला होता. पण मग त्यानं ताटली बाजूला केली आणि जरा गंभीर होऊन विचारलं, "मुलाखतीत चक्कर आली तर? आज तरी नेम राहू दे ना. आईला फोन कर, फोनवर ऐकेल ती."

तिनं केला होता फोन. वत्सलाबाई लेकीसाठी पेज गाळत होत्या. "फोनवर नको गं," त्या म्हणाल्या, "अक्षता माझ्या हातात आणि देवी तुझ्या घरात, असं कसं? जाताना पुडी बरोबर ने. वाटेत कुणीतरी भेटेल उपाशी."

म्हणून अक्षतांची कागदी पुडी पर्सच्या वरच्या कप्प्यात गेली, प्रमाणपत्रांच्या फायलीला लागून. डब्यात पोळी, भाजी आणि पुरण घेतलं. किशोरनं तिला स्टँडवर सोडलं आणि गाडी वळवता वळवता म्हणाला, "ते संशोधनाच्या पेपरांचं विचारतील. घाबरू नको. आहेत तेवढे सांग."

आहेत ते दोनच होते. तृप्ती अकरा वर्षं इंग्रजी साहित्य शिकवत होती, तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये अर्ज करायचा, जुलैत वर्ग मिळायचा, मार्चमध्ये तो सुटायचा आणि पुढच्या जूनला पुन्हा तेच. सेट परीक्षा ती पहिल्याच खेपेला पास झाली होती. पीएच.डी. मात्र तिसऱ्या प्रकरणापाशी अडली ती अडलीच. सकाळी एका कॉलेजात तास, दुपारी दुसऱ्यात, मधे बस. त्यात ग्रंथालयात बसायचं कधी? खरं सांगायचं तर तिला त्याची फारशी खंतही नव्हती. तिची खंत वेगळी होती. एकाही वर्गाला तिनं कधी शेवटपर्यंत नेलं नव्हतं. पहिल्या वर्षाच्या पोरी कविता म्हटलं की वही मिटून घेतात, त्या हळूहळू उघडायला लागेपर्यंत मार्च यायचा. "मॅडम, पुढच्या वर्षी तुम्हीच ना?" असं त्या विचारायच्या, आणि दर वर्षी तृप्ती म्हणायची, "बघू." एक तुकडी पहिल्या वर्षापासून तिसऱ्या वर्षापर्यंत आपल्या हातून जावी, एवढीच तिची इच्छा होती. देवाकडे ती सहसा काही मागत नसे, पण हे मागून झालं होतं.

यंदा तर दोन कॉलेजांनी तिला बोलावलंच नव्हतं. अभ्यासक्रम बदलला, साहित्याचे तास कमी झाले, असं कळलं. उरलं होतं आठवड्याला सहा तासांचं व्याकरण. तशात ही जाहिरात आली. इंग्रजी साहित्य, पूर्णवेळ, आणि पुढे लिहिलेलं, मुख्यतः अध्यापनासाठी. ज्यांना ज्यांना तिनं ती दाखवली ते सगळे हसले. "लिहायला काय जातंय? शेवटी पेपरच मोजतात." तरी तिनं अर्ज केला. ही जागा गेली तर पुढच्या जूनला अर्ज करायला काही उरेल असं तिला वाटत नव्हतं.

बस ढकांबे गाव ओलांडून पुढे गेली. दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांवर हिरवा मांडव धरला होता आणि एक ट्रॅक्टर ओळीतून औषध उडवत चालला होता. तृप्ती खिडकीपाशी बसून मनात जप करत होती. शेजारच्या बाई शेंगा खात होत्या. म्हणजे त्या बाद.

कॉलेजात बाहेरच्या खोलीत तिच्याआधी तिघं बसलेले. त्यातला एक तरुण, सुयश नावाचा, मांडीवर टॅब घेऊन बोटानं सारखं काहीतरी वर ढकलत होता. त्यानं तिला जागा करून दिली, बाटलीतलं पाणी पुढे केलं. चांगल्या घरचा वाटला.

"मॅडम, तुमचा एच-इंडेक्स किती?"

"माझा?" तृप्ती गोंधळली. इतर संशोधक आपल्या पेपरांचा किती आधार घेतात, त्याचा तो आकडा. "बघितला नाही कधी."

"माझा तीन आहे," तो दबक्या आवाजात म्हणाला, जणू ताप सांगतोय. "चौदा पेपर. पण शिकवायचं म्हटलं की काही सुचत नाही हो. डेमोच्या तासात काय करायचं ते सांगा ना."

तिनं सांगितलं, की पहिल्या मिनिटात फळ्याकडे वळू नका, कुणातरी एकाच्या डोळ्यांत बघा. त्यानं ते टॅबमध्ये लिहून घेतलं. आपण आपल्याच प्रतिस्पर्ध्याला शिकवतोय, हे तृप्तीच्या लक्षात आलं तेव्हा त्याचं लिहून झालेलं होतं.

अकराचे बारा झाले, बाराचा एक. आतल्या लोकांची जेवणं झाली. मग पुन्हा एकेकाला बोलावू लागले. सुयश आत गेला आणि पाऊण तासानं बाहेर आला, कपाळ पुसत. "आत समोर कुणीच नाही, मॅडम," तो म्हणाला. "वर्ग रिकामा. विद्यार्थी आहेत असं समजा म्हणतात. मी डोळ्यांत कुणाच्या बघू?"

अडीच वाजता खोलीत तृप्ती एकटीच उरली. तेव्हा चहाचा ट्रे घेऊन एक बाई आल्या. नऊवारी नेटकी, पायात रबरी चपला, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र. त्यावर नाव होतं, भागीबाई.

"घ्या, बाई."

"नको, मावशी. माझं अजून काही खाणंपिणं नाही."

"उपास?"

"उपास नाही. कहाणी राहिलीय माझी. ऐकायला कुणी भेटलं नाही."

भागीबाईंनी ट्रे टेबलावर टेकवला. त्या मूळच्या पेठ तालुक्यातल्या, इथं बारा वर्षं होत्या. "मी बी सकाळधरनं उपाशीच हाय," त्या म्हणाल्या. "साहेब लोकांचं वाढण्यात डबा उघडाया सापडलाच नाय. चहा तेवढा झाला दोनदा. चहा चालतो का तुमच्या देवीला?"

तृप्तीला एकदम हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच. "चहा चालतो, मावशी. ऐकाल?"

"बसून ऐकते. पाय बी दुखतात."

पुडी उघडली. चार अक्षता भागीबाईंच्या मुठीत दिल्या. उरलेल्यांसह पुडी तशीच उघडी तळहातावर राहिली, आणि तृप्तीनं पहिलं वाक्य उच्चारायला तोंड उघडलं, तोच दार उघडून कारकून ओरडला, "तृप्ती किशोर देवरे! आणि भागीबाई, चहा आत आणा, कुठं राहिलात?"

दोघी उभ्या राहिल्या. भागीबाईंनी एका हातानं कसाबसा ट्रे उचलला, बंद मूठ खालून टेकू म्हणून लावली आणि डोळ्यांनीच विचारलं, आता?

"धरून ठेवा," तृप्ती पुडी मिटून पर्समध्ये ठेवत पुटपुटली. "आल्यावर सांगते."

आत वर्ग होता, फळ्याच्या बाजूला लांब टेबलामागे तिघं होते. मधे प्राचार्य शाहनवाज शेख, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. उजवीकडे विद्यापीठातून आलेले तज्ज्ञ डॉ. शेखर गुजराथी, समोर तिची फाईल उघडी. डावीकडे संस्थेचे चिटणीस, ते फोनवर काहीतरी वाचत होते.

"दोन पेपर," गुजराथी सर म्हणाले.

"हो, सर."

"अकरा वर्षांत."

"हो, सर."

त्यांनी पान उलटलं, जणू मागच्या बाजूला आणखी सापडतील. मग एक चिठ्ठी पुढे केली. "डेमो द्या. पंधरा मिनिटं. समोर पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आहेत असं समजा."

चिठ्ठीसोबत एक छापील कागद होता. कवीचं नाव नसलेलं जुन्या वळणाचं इंग्रजी कथागीत, चार कडव्यांचं. नदीकाठी एक मुलगी नावाड्याला हाक मारते. पलीकडे तिची आई आजारी आहे. नावाडी म्हणतो, थांब, जाळं वाळू दे. मग म्हणतो, थांब, भाकरी खाऊ दे. मग, थांब, पाऊस ओसरू दे. चौथ्या कडव्यात तो नाव घेऊन येतो तेव्हा काठावर तिचे नुसते जोडे असतात. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तीच एक ओळ येते, अँड द रिव्हर रॅन ऑन.

तृप्तीनं वर पाहिलं. समोर तीस बाकं, सगळी रिकामी, खिडकीतला उजेड त्यांच्यावर पडलेला. तिनं घसा साफ केला. "गुड आफ्टरनून, स्टुडंट्स." आवाज पहिल्या बाकापर्यंत गेला आणि तिथंच बसला. तिनं पहिलं कडवं वाचलं. रिकाम्या खोलीत ते आपलंच आपल्याला ऐकू येत होतं.

"मॅडम, आवाज," गुजराथी सर म्हणाले. "मागच्या बाकाला काही ऐकू जाणार नाही."

"हो, सर." ती पुन्हा वाचू लागली. दुसऱ्या ओळीला ती अडखळली. सकाळपासून पोटात काही नव्हतं हे खरं, पण ते कारण नव्हतं. सोळा वर्षांत तिनं भिंतीला काही सांगितलं नव्हतं; ते तिला जमतच नव्हतं. तिनं कागद खाली घेतला.

"सर," ती म्हणाली, "ऐकायला कुणीतरी हवं."

"समजायचं आहे हो, मॅडम. बाकीच्यांनी समजून घेतलं."

"मला नाही येत समजता. एक माणूस पुरेल. हुंकारापुरतं."

चिटणिसांनी फोनवरून मान वर केली. मागच्या दारापाशी भागीबाई ट्रे रिकामा करून निघाल्या होत्या, एक मूठ अजून बंद. प्राचार्यांनी ते पाहिलं. "भागीबाई, बसता का जरा?"

"मी? मला इंग्रजी नाय येत, साहेब."

"पहिल्या वर्षाच्या मुलांना तरी कुठं येतं," प्राचार्य म्हणाले.

भागीबाई दाराजवळच्या शेवटच्या बाकावर टेकल्या, निम्म्या बाहेर. तृप्तीचा जीव भांड्यात पडला. समोर एक चेहरा होता. तो दमलेला होता, पण होता. आणि मग जे झालं ते सवयीनं झालं. तिनं विचारलं, "आहेत ना अक्षता?" भागीबाईंनी मूठ वर करून दाखवली. आणि तृप्तीचा हात आपोआप पर्समधल्या पुडीकडे गेला, कारण घरात कहाणीला कुणीही येऊन बसलं, शेजारीण असो की पाहुणी, की पहिल्यांदा त्याच्या हातात अक्षता द्यायच्या. तिनं दोन पावलं टाकली, चार दाणे प्राचार्यांच्या तळहातावर ठेवले, चार चिटणिसांच्या, चार गुजराथी सरांच्या. त्यांनी हात पुढे केले होते, कागद देतेय असं समजून.

गुजराथी सर तळहाताकडे पाहत राहिले.

"हे काय? पूजा आहे का इथं?"

तेव्हा कुठं तृप्ती भानावर आली. कानांपर्यंत रक्त चढलं. नोकरीच्या मुलाखतीत, परीक्षक लोकांच्या हातात, हळदकुंकू लावलेले तांदूळ! आणि प्राचार्य शेख साहेब. त्यांना काय वाटलं असेल? जमीन दुभंगावी असं तिला झालं. "माफ करा," ती पुटपुटली. "चूक झाली. आमच्याकडे गोष्ट ऐकताना... द्या परत, मी घेते."

प्राचार्यांनी मूठ मिटली.

"आमची अम्मी खातूनबी," ते म्हणाले, "नामपूरला असताना गोष्ट सांगायच्या आधी आमच्या हातात भुईमुगाचे दाणे द्यायची. गोष्ट संपेपर्यंत खायचे नाहीत. खाल्ले की गोष्ट बंद. तिच्या घरात पाच पोरं चिडीचूप बसायची." ते गुजराथी सरांकडे वळले. "धरा हो, सर. बघू तरी. पुढं चला, मॅडम."

पुढं कसं गेलं ते तृप्तीला नंतर नीट आठवेना. कागदावर तिनं दर कडव्याला एकदाच नजर टाकली. पहिलं कडवं इंग्रजीत म्हटलं, भागीबाईंकडे बघून, हळू, स्वयंपाकघरात सांगते तसं. मग दोन वाक्यं मराठीत सांगितली. काठावर एक पोर उभी आहे, पलीकडे आई आजारी. नावाडी म्हणतो, जाळं वाळू दे.

"आन् आई?" भागीबाई म्हणाल्या.

"तेच. अँड द रिव्हर रॅन ऑन. म्हणजे काय वाटतं, मावशी?"

"नदी काय थांबतीय व्हय? नदी गेली म्होरं."

"हेच. आता ती ओळ तुमची. मी थांबले की तुम्ही म्हणायची. इंग्रजीत म्हणा, मराठीत म्हणा."

"इंग्रजी साहित्य मराठीतून?" गुजराथी सर म्हणाले.

"पहिले पंधरा दिवस, सर," तृप्ती वळून म्हणाली, आणि आपला आवाज स्थिर आहे याचं तिला नवल वाटलं. "मग मराठी थोडी थोडी काढून घेते. दिवाळीनंतर मुलंच मला इंग्रजीत अडवतात."

दुसरं कडवं झालं. नावाडी भाकरी खायला बसला. तृप्ती थांबली. "नदी गेली म्होरं," भागीबाई चिडून म्हणाल्या, "आन् हा बसला चावत!" चिटणीस हसले. तिसरं कडवं झालं. पावसाचं कारण सांगून झालं. या वेळी भागीबाईंनी ओळ इंग्रजीत म्हणायचा प्रयत्न केला, "रिवर रान आन," आणि त्यांच्यासोबत प्राचार्यही पुटपुटले. "आमच्याकडं बी पावसात नदी आडवी येती," भागीबाई म्हणाल्या, "माझ्या थोरल्या बहिणीच्या बाळंतपणात आली व्हती." एवढंच बोलून त्यांनी मूठ आणखी घट्ट आवळली.

चौथं कडवं तृप्तीनं आणखी हळू म्हटलं. नाव काठाला लागते. काठावर जोडे असतात, ओले. ती थांबली.

भागीबाई काहीच बोलल्या नाहीत.

बाहेर कुठंतरी पोरं व्हॉलीबॉल खेळत होती, तो आवाज आला. गुजराथी सर पुढे वाकले होते. "म्हणा ना," त्यांच्या तोंडून गेलं.

"आता नाय म्हणवत, साहेब," भागीबाई म्हणाल्या. मूठ त्यांनी छातीशी धरली होती.

तृप्तीनं खडू उचलला. आत्ता पहिल्यांदाच ती फळ्याकडे वळली, आणि ती ओळ तिनं एकदाच लिहिली. "चारही कडव्यांत शब्द हेच आहेत," ती रिकाम्या बाकांना म्हणाली, आणि आता ती तितकीशी रिकामी वाटत नव्हती. "एक अक्षर बदललेलं नाही. मग मावशींना पहिल्या वेळी ही ओळ सोपी गेली, दुसऱ्या वेळी राग आला, आणि चौथ्या वेळी म्हणवली नाही, ते का? पुस्तकात याला रिफ्रेन म्हणतात. ध्रुवपद. परीक्षेत व्याख्या विचारतील, ती उद्या सांगेन. आज घरी जाताना एवढाच विचार करा, की ओळ तीच असून बदललं काय."

पंधरा मिनिटं संपली होती. गुजराथी सरांनी चष्मा काढून पुसला. संशोधनाचं काय ठरवलंय, असं त्यांनी विचारलं. तृप्तीनं खरं ते सांगितलं. संशोधन करणाऱ्यांबद्दल तिला आदर आहे, त्यांच्या टिपा वाचूनच ती शिकवते. पण तिला स्वतःला वर्ग हवाय, आणि तोच वर्ग तीन वर्षं. त्यांनी काहीतरी लिहिलं. काय, ते दिसलं नाही. "या तुम्ही," असं म्हणाले.

बाहेर पायरीवर येऊन ती बसली. गेलं, असं तिला वाटलं. हळदकुंकवाचे तांदूळ वाटणारी बाई कोण घेईल? किशोरला हे सांगताना त्याचं हसू आवरणार नाही आणि मग त्यालाच वाईट वाटेल. तिनं चांदवडला फोन लावला आणि सासूबाईंना सगळं सांगितलं, अगदी परीक्षकांच्या हातांसकट.

वत्सलाबाईंनी नीट ऐकून घेतलं. मधे दोनदा "मग?" म्हणाल्या. शेवटी विचारलं, "कुणी दाणे खाली टाकले का?"

"माझ्यादेखत तरी नाही."

"मग झालं तर. गोष्ट कुणाची का असेना, ऐकली ना माणसांनी? आता आपली सांगून टाक आणि जेव. साडेतीन वाजले."

भागीबाई शेजारी येऊन बसल्याच होत्या, मूठ तशीच. "ती नावाड्याची गोष्ट लय वाईट हो, बाई," त्या म्हणाल्या. "आता देवीची चांगली सांगा." तृप्तीनं सांगितली. या गोष्टीत शेवटी सगळ्यांचं भलं होतं, आणि भागीबाईंनी प्रत्येक वळणावर असा खणखणीत हुंकार दिला की कारकून डोकावून गेला. संपली तेव्हा त्यांनी अक्षता पुडीत परत टाकल्या, घरी देवीला वाहायला, आणि हात कपाळाला लावले.

डबा उघडला. भागीबाईंनीही आपला उघडला. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा. तृप्तीनं पुरण त्यांच्याकडे सरकवलं. पहिला घास हातात घेतलाय तोच मागून आवाज आला.

"मॅडम, हे कुठं ठेवायचे?"

प्राचार्य शेख उभे होते. उजवी मूठ बंद, डाव्या हातात फाईल. घास डब्यात ठेवून तृप्ती धडपडत उठली.

"बसा, बसा. तुम्ही सांगितलंच नाही, कुठं ठेवायचे ते. अम्मीच्या दाण्यांचं ठीक होतं, ते खाता यायचे. तुमच्यानंतर अर्धा तास आमची चर्चा झाली आणि मी आपला डाव्या हातानं सह्या करतोय. चिटणीस हसतायत."

तृप्तीनं पुडी पुढे केली. त्यांनी त्यात चार दाणे सोडले, घामानं ओलसर झालेले. मग खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. "हे चिटणिसांचे. आणि गुजराथी सरांचे नाहीत. त्यांनी पाकिटात ठेवले. का ते मी विचारलं नाही."

तिनं तो कागद पुडीत ठेवला. "सर, ती चूक..."

"गुजराथी सरांनी एकच हरकत घेतली," प्राचार्य म्हणाले, "की बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही. मी म्हटलं, सर, भागीबाई बसल्या होत्या कुठं?" ते भागीबाईंकडे पाहून हसले. "मग त्यांनी सही केली. पेपरांच्या रकान्यात त्यांनी लिहिलंय, 'या पदासाठी पुरेसे.' पत्र यायला आठ-दहा दिवस लागतील, तोवर कुणाला सांगू नका म्हणायला हवं मला. पण सोमवारी वेळापत्रक लागतंय. पहिल्या वर्षापुढं तुमचं नाव घालतो. चालेल ना?"

"पहिल्या वर्षापुढं," तृप्ती म्हणाली. आणि मग, कधी नव्हे ते धीर करून, "सर, पुढच्या वर्षी त्याच मुलांचं दुसरं वर्ष?"

"ते तर या पदाच्या अटीतच आहे. तुकडी सोडता येणार नाही तुम्हाला. तिसऱ्या वर्षापर्यंत."

ते गेले. तृप्ती पायरीवर बसली, तिला रडू येत होतं आणि भूकही लागली होती, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते तिला समजेना. भागीबाईंनी त्यांच्या भाकरीचा तुकडा मोडून तिच्या डब्यात ठेवला. "आधी जेवा. रडायचं बसमध्ये."

तिनं घास घेतला. नागलीची भाकरी कधीच गार झालेली, ठेचा झणझणीत. डोळ्यांतलं पाणी कशाचं, ते आता कुणी विचारायची सोय राहिली नव्हती. फोन वाजला. किशोर होता.

"काय झालं? जेवलीस का?"

"जेवतेय," ती म्हणाली. घास तोंडात होता, म्हणून शब्द फुटेनात, आणि पलीकडून तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला, "मग? मग काय? अगं, मग?"